टपाल थांबतं, मुदत थांबत नाही

टपाल कामगार संपावर गेले म्हणून महापालिका बंद पडत नाही. कॅनडातल्या कुठल्याही शहरात हे दिसतं. कचऱ्याची गाडी ठरल्या वारी येते, नळाला पाणी असतं, रात्री बर्फ पडलं तर पहाटे रस्ता मोकळा करणारी यंत्रं फिरतात, अग्निशमन दल हाकेसरशी धावतं. थांबतो तो कागद. मालमत्ता कराचं बिल, पाणीपट्टी, पार्किंगच्या दंडाची नोटीस, कुत्र्याच्या परवान्याचं नूतनीकरण, शेजारच्या जागेवर काय उभं राहणार आहे याची सूचना, मतदाराचं माहितीपत्र आणि ज्यांची महिनाअखेर त्यावरच निभावते त्यांच्या मदतीचा चेक, हे सगळं पोस्टाच्या थैलीतून जातं. शहर आणि त्याचा रहिवासी यांचं नातं या कागदांनी विणलेलं आहे, आणि टपाल चालू असतं तोवर त्याची कुणाला जाणीवही नसते.

१५ नोव्हेंबर २०२४ ला कॅनडा पोस्टचे सुमारे ५५,००० कामगार देशभर संपावर गेले. पगार, निवृत्तिवेतन आणि शनिवार-रविवारी पार्सलं पोचवायला अर्धवेळ माणसं नेमण्याचा व्यवस्थापनाचा आग्रह, हे वादाचे मुख्य मुद्दे होते. ऐन नाताळच्या तोंडावर ३२ दिवस टपाल बंद राहिलं. शेवटी केंद्रीय कामगारमंत्री स्टीव्हन मॅकिनन यांनी कामगार संहितेचं १०७ वं कलम वापरून प्रकरण औद्योगिक संबंध मंडळाकडे सोपवलं आणि १७ डिसेंबरला कामगार परतले. पण वाद मिटला नव्हता. २०२५ च्या उन्हाळ्यात कामगारांनी व्यवस्थापनाचा अंतिम प्रस्ताव मतदानाने फेटाळला. २५ सप्टेंबरला सरकारने घरपोच वाटप टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच दिवशी पुन्हा देशव्यापी संप सुरू झाला. ११ ऑक्टोबरपासून त्याचं रूप बदललं: आज या शहरात, उद्या त्या शहरात, असा आळीपाळीचा संप. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तत्त्वतः समझोता होईपर्यंत तो चालला. रहिवाशाच्या दृष्टीने हा आळीपाळीचा संप सरसकट संपापेक्षा जास्त फसवा. टपाल येतं आहे असं वाटत राहतं, आणि नेमकं आपलं पत्र कुठल्या वर्गीकरण केंद्रात अडकलं आहे ते कळत नाही.

अशा काळात कॅनडातल्या जवळपास प्रत्येक महापालिकेकडून एक निवेदन निघतं. त्याचा गाभा असा, की बिल हाती आलं नसलं तरी ते मुदतीत भरण्याची जबाबदारी रहिवाशाचीच राहील. हे वाक्य नीट तपासून पाहण्यासारखं आहे, कारण त्यामागे कायद्याचा दोनशे वर्षांचा विचार आहे.

ओन्टारिओ प्रांताचा २००१ चा नगरपालिका कायदा म्हणतो, की कराची रक्कम भरण्याच्या तारखेच्या किमान २१ दिवस आधी कोषाध्यक्षाने बिल पाठवायचं. पाठवायचं, पोचवायचं नव्हे. मुदत चुकली तर महिन्याला सव्वा टक्क्यापर्यंत, म्हणजे वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत, आकार लावण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. ब्रिटिश कोलंबियात मालमत्ता कराची तारीख साधारणपणे जुलैच्या सुरुवातीला येते, आणि ती चुकवली तर दंड १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आता दुसरी बाजू पाहा. रहिवाशाने चेक टपालाने पाठवला, तर बहुतेक महापालिका तो कार्यालयात येऊन पडला ती तारीख धरतात; पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख चालत नाही. म्हणजे पालिकेचा कागद निघताना ‘पाठवला’ की झाला आणि रहिवाशाचा कागद जाताना ‘पोचला’ तरच झाला. वाटेतल्या विलंबाचा धोका दोन्ही दिशांनी एकाच माणसाच्या डोक्यावर. एरवी हा फरक दोन-तीन दिवसांचा असतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. संपात तो महिन्याभराचा होतो, आणि मग हा नियम उघड अन्यायाचा होतो असं माझं मत आहे.

पत्र उशिरा पोचलं तर तोटा कुणी सोसायचा, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयापुढे १८१८ मध्ये अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल या खटल्यात आला होता. सेंट आइव्हजच्या लोकर व्यापाऱ्यांनी २ सप्टेंबर १८१७ ला ब्रॉम्सग्रोव्हच्या कारखानदारांना लोकर विकण्याचा प्रस्ताव पत्राने पाठवला. पण पत्त्यात परगणा चुकीचा घातला. पत्र फिरत फिरत ५ तारखेच्या संध्याकाळी पोचलं. कारखानदारांनी त्याच संध्याकाळी होकार टपालात टाकला. तो होकार ९ तारखेला पोचला. तोवर वाट पाहून व्यापाऱ्यांनी ८ तारखेलाच लोकर दुसऱ्याला विकून टाकली होती. न्यायालयाने ठरवलं, की होकाराचं पत्र टपालात पडलं तेव्हाच करार झाला. उशीर ज्याच्या चुकीने झाला, नुकसान त्याचं. हाच विचार पुढे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आला. आपल्याकडच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं २७ वं कलमही याच कुळातलं. योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून, नोंदणी करून टपालाने पाठवलेली नोटीस टपालाच्या नेहमीच्या ओघात ज्या वेळी पोचली असती त्या वेळी ती बजावली गेली, असं धरायचं. मात्र उलट पुरावा आला नाही तरच.

या कलमात एक अट दडलेली आहे. टपालाचा नेहमीचा ओघ चालू आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. संपात तो ओघच नसतो. मग ‘पाठवलं म्हणजे पोचलं’ या गृहीतकाचा पायाच निघून जातो. मुंबईसारख्या शहराच्या महापालिका कायद्यात नोटीस हातात देण्याची, घरातल्या माणसाकडे देण्याची, आणि तेही जमलं नाही तर इमारतीच्या ठळक जागी डकवण्याची तरतूद फार पूर्वीपासून आहे. दारावर डकवलेली नोटीस आपल्याला अपमानाची वाटते, पण तिच्यामागे एक शहाणपण आहे: टपालावाचूनही माणसापर्यंत पोचण्याचा रस्ता पालिकेने स्वतःकडे राखून ठेवायचा.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते पाहू. टोरांटोचं उदाहरण घेतो, कारण मराठी माणसांची मोठी वस्ती त्या शहरात आणि त्याच्या आसपास ब्रॅम्प्टन, मिसिसागा या भागांत आहे. टोरांटोत २००९ पासून ३११ हा क्रमांक चालू आहे. दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि १८० हून अधिक भाषांमध्ये दुभाष्याची सोय आहे. संपाच्या काळात हा फोन म्हणजे शहराचं मुख्य दार. फोनवर तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: देय रक्कम, भरण्याची शेवटची तारीख, आणि पैसे भरताना द्यायचा खातेक्रमांक. तक्रार किंवा चौकशी नोंदवली असेल तर तिचा नोंदक्रमांक मागून घ्यावा. पुढे दंड माफ करून घ्यायची वेळ आली, तर आपण मुदतीआधी विचारणा केली होती याचा तोच पुरावा.

संकेतस्थळावर बिल पाहता येतं हे खरं, पण तिथे आत शिरायला बहुतेक ठिकाणी जुन्या कागदी बिलावरचे आकडे मागतात. ओन्टारिओत प्रत्येक मालमत्तेला एक लांबलचक मूल्यांकन क्रमांक असतो, त्याला तिथे रोल नंबर म्हणतात. मागच्या वर्षीचं एक बिल जपून ठेवलेलं असेल तर काम सोपं. ज्यांनी नुकतंच घर घेतलं आहे त्यांची पंचाईत होते, कारण त्यांच्या नावाचं पहिलं बिल टपालातच अडकलेलं असतं. त्यांनी घरखरेदीच्या वेळी वकिलाने दिलेला हिशेबाचा कागद काढावा. त्यात कराची विभागणी दाखवलेली असते आणि बहुधा रोल नंबरही असतो. मालमत्तांचं मूल्यांकन करणाऱ्या प्रांतिक संस्थेच्या, म्हणजे एमपॅकच्या, सूचनापत्रावरही तो सापडतो. बँकेच्या संकेतस्थळावरून कर भरताना आणखी एक काळजी घ्यायला हवी. जुनं घर विकून नवं घेतलेल्या लोकांच्या बँक खात्यात आधीच्या घराचा रोल नंबर तसाच राहिलेला असतो, आणि कर भलत्याच घराच्या नावे जमा होतो. त्याच पालिकेच्या हद्दीत घर बदललं असेल तर चूक लवकर लक्षातही येत नाही. शिवाय बँकेतून निघालेले पैसे पालिकेच्या खात्यात दिसायला काही कामकाजाचे दिवस जातात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बटण दाबून निश्चिंत होऊ नये.

ज्यांना संगणकाचा मार्ग नको असेल त्यांच्यासाठी नगरभवनाची खिडकी असते. बऱ्याच नगरभवनांच्या दाराशी एक पेटीही बसवलेली असते, तिच्यात चेक टाकता येतो; रोख रक्कम मात्र त्यात कधीही टाकू नये. चेकच्या मागे रोल नंबर लिहावा. घरावर कर्ज असेल तर काही वेळा बँकच हप्त्याबरोबर कराचे पैसे घेऊन परस्पर भरते. तेव्हा घाबरून दोनदा भरण्याआधी बँकेला विचारावं. विवाहाचा परवाना ओन्टारिओत नगरपालिकेच्या क्लार्क कार्यालयात मिळतो आणि तो तीन महिने चालतो. त्यासाठी मुळात प्रत्यक्ष जावंच लागतं, म्हणून संपाचा त्याला फटका बसत नाही. समोरासमोरचे हे जुने व्यवहारच अशा वेळी सर्वांत भरवशाचे ठरतात. नगरभवनाच्या खिडक्या कमी करून सगळं ऑनलाइन नेण्याची घाई करणाऱ्या प्रशासकांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

बिलाचा उशीर दंडाने भरून निघतो. मदतीच्या चेकचा उशीर कशानेच भरून निघत नाही. ओन्टारिओत गरजूंना मिळणारी ‘ओन्टारिओ वर्क्स’ ही मदत प्रांताची असली, तरी ती लोकांपर्यंत पोचवण्याचं काम नगरपालिका आणि जिल्हा मंडळं करतात. बहुतेकांची रक्कम थेट बँक खात्यात जाते. पण ज्यांचं बँकेत खातंच नाही, पत्ता पक्का नाही, जे कधी निवाऱ्यात तर कधी मित्राच्या सोफ्यावर राहतात, त्यांच्यासाठी कागदी चेक हाच आधार होता. टोरांटोने २०१२ मध्ये अशा लोकांसाठी एक कार्ड काढलं. रक्कम दर महिन्याला त्या कार्डावर जमा होते आणि ते दुकानात किंवा एटीएमवर चालतं. चेक वटवून देणाऱ्या दुकानांचं कमिशन वाचावं हा त्यामागचा मुख्य हेतू होता. पण त्याचा दुसरा फायदा टपाल संपात कळतो: त्या माणसाची भाकरी पोस्टाच्या थैलीवर अवलंबून राहत नाही. ज्यांच्याकडे कार्ड नाही आणि खातंही नाही, त्यांना चेक कार्यालयातून हाती देण्याची व्यवस्था पालिका करतात. मात्र ही व्यवस्था आहे हे त्या माणसाला कळवायचं कसं, हा प्रश्न उरतोच, कारण ते कळवणारं पत्रही टपालानेच जायचं असतं. निवारागृहं, अन्नपेढ्या, वाचनालयं या ठिकाणी भिंतीवर सूचना लावणं आणि समाजकार्यकर्त्यांनी स्वतः फोन करणं, हेच तिथे उपयोगी पडतं.

आणि इथे संपकरी कामगारांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. कॅनडातल्या टपाल संपांमध्ये संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात वेगळा समझोता होऊन निवृत्तिवेतनाचे, मुलांच्या भत्त्याचे आणि सामाजिक साहाय्याचे सरकारी चेक संप चालू असतानाही पोचवले जातात. २०११ मध्ये ते झालं, २०२४ मध्येही झालं. संपावर असलेली माणसं तेवढ्यापुरती थैली खांद्याला लावतात, कारण चेकची वाट पाहणारी म्हातारी बाई त्यांच्या रोजच्या वाटेवरची असते, तिचं दार त्यांना ठाऊक असतं. या संघटनेचा इतिहासही समजून घेण्यासारखा आहे. १९६५ मध्ये कायद्याची परवानगी नसताना टपाल कामगारांनी संप केला, आणि त्यानंतर दोन वर्षांत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा झाला. १९८१ चा संप ४२ दिवस चालला; त्यातून १७ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा मिळाली आणि पुढे ती इतर क्षेत्रांत पसरली. टपाल बंद पडल्याने हाल होतात म्हणून संपकऱ्यांना बोल लावणं सोपं आहे. पण पालिकेने आपला सगळा व्यवहार एकाच वाटेवर ठेवला आणि दुसरी वाट आखली नाही, हा दोष कामगारांचा नव्हे.

दुसरा टपालवाला का बोलावत नाहीत, असं कुणीही विचारेल. कॅनडात पत्रं वाहून नेण्याचा हक्क कायद्याने कॅनडा पोस्टकडे आहे. १९८१ च्या ज्या कायद्याने कॅनडा पोस्ट हे सरकारी महामंडळ झालं, त्यातच हे लिहिलेलं आहे. खासगी कुरियरला तातडीचं पत्र नेता येतं, पण त्यासाठी ५० ग्रॅमच्या साध्या पत्राच्या दराच्या किमान तिप्पट आकार घ्यावा लागतो. काही लाख घरांना बिलं पाठवणाऱ्या शहराने हा हिशेब करून पाहिला की तो मार्ग तिथेच संपतो. कुरियरचा उपयोग होतो तो ठरावीक कायदेशीर नोटिसांपुरता.

पालिका आणि पोस्ट यांचं नातं तसंही सुखाचं नाही. घरोघरचं वाटप बंद करून गल्लीच्या तोंडाशी सामुदायिक टपालपेट्या बसवण्याचा कार्यक्रम कॅनडा पोस्टने २०१३ मध्ये जाहीर केला. या पेट्या बसणार होत्या पालिकांच्या जागेवर. हॅमिल्टन शहराने २०१५ मध्ये उपविधी करून त्यासाठी आपली परवानगी सक्तीची केली. न्यायालयाने सांगितलं, की टपाल हा केंद्राचा विषय आहे, शहराचा उपविधी तिथे लागू होणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलचे महापौर डेनी कोडेर यांनी अशा पेटीसाठी ओतलेला काँक्रीटचा चौथरा हातात यंत्र घेऊन स्वतः फोडला. दृश्य गाजलं. पुढे सरकार बदललं आणि कार्यक्रम थांबला, तो २०२५ च्या घोषणेने पुन्हा सुरू झाला. म्हणजे शहराचा कागद ज्या वाटेने जातो त्या वाटेवर शहराचा काहीच अधिकार नाही.

सर्वांत कमी बोललं जातं ते सुनावणीच्या नोटिसांबद्दल, आणि माझ्या मते लोकशाहीच्या दृष्टीने खरं नुकसान तिथे होतं. ओन्टारिओच्या नियोजन कायद्याखाली शेजारच्याला घराच्या बांधकामात छोटी सूट हवी असेल, तर त्या जागेपासून ६० मीटरच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी सूचना द्यावी लागते. जमिनीच्या वापराचा नियमच बदलायचा असेल, म्हणजे दोन मजली घराच्या जागी उंच इमारत वगैरे, तर ही हद्द १२० मीटर आणि मुदत २० दिवस. आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तसाच हा प्रकार. तिथे ही सूचना एरवी साध्या टपालाने येते. ती आली नाही तर कुणाला दंड होत नाही, फोन येत नाही, काहीच होत नाही. फक्त सुनावणीच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या राहतात आणि अर्ज मंजूर होतो. जे बिल आलं नाही त्याची आठवण तरी असते, कारण ते दरवर्षी येतं. जी सूचना येणार होती हेच माहीत नव्हतं, तिची वाट कोण पाहणार?

कायद्यात पर्याय आहेत. सूचना हातोहात देता येते, ई-मेलने देता येते. ती टपालाऐवजी स्थानिक वर्तमानपत्रात छापण्याचीही वाट आहे, पण ती वाट अलीकडे खचली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मेट्रोलँड या कंपनीने ओन्टारिओतली ७० हून अधिक स्थानिक साप्ताहिकं छापणं बंद केलं. आणि खेड्यापाड्यांत जी साप्ताहिकं उरली आहेत, त्यांतली कित्येक वर्गणीदारांकडे टपालानेच जातात. वर्तमानपत्र नसेल तर पालिकेच्या संकेतस्थळावर सूचना टाकली तरी चालेल, अशी दुरुस्ती २०२४ मध्ये झाली. पण कोपऱ्यावरचं घर पाडायचा अर्ज आला आहे का, हे पाहायला रोज पालिकेचं संकेतस्थळ उघडणारा माणूस मला तरी ठाऊक नाही. म्हणून संपाच्या काळात रहिवाशाने आपल्या गल्लीत फिरताना जागेवर लावलेली सूचनेची पाटी वाचावी, क्लार्क कार्यालयाकडून ई-मेलने सूचना मागून घ्यावी, आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या कार्यालयाला एकदा फोन करावा. पालिकेने मात्र ज्या सुनावण्या पुढे ढकलता येतात त्या ढकलाव्यात, आणि ज्या ढकलता येत नाहीत त्यांच्या सूचना घरोघर हाताने द्याव्यात. ६० मीटरच्या वर्तुळात घरं असतात किती? एका कर्मचाऱ्याचं अर्ध्या दिवसाचं काम.

वाचनालयंही बहुतेक ठिकाणी पालिकेचीच, आणि लहान गावांत त्यांचा जीव टपालावर. आपल्या गावच्या वाचनालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावाहून मागवायची सोय कॅनडात फार जुनी आहे. पुस्तकांसाठी टपालाचा सवलतीचा दर १९३९ पासून आहे. संप सुरू झाला की ही देवाणघेवाण थांबवली जाते आणि बाहेर गेलेल्या पुस्तकांच्या परतीच्या तारखा वाढवल्या जातात. दृष्टिहीनांसाठीचं साहित्य कॅनडात टपालाने विनामूल्य जातं. ध्वनिमुद्रित पुस्तकंही अशी घरी येतात. इंटरनेटवरून पुस्तक उतरवून घेणं ज्यांना जमतं त्यांचं निभावतं. ज्यांना जमत नाही, ते बहुधा वयाने मोठे आणि एकटे राहणारे. टपाल थांबलं की त्यांचं वाचन थांबतं. गावच्या ग्रंथपालाने अशा चार-पाच वाचकांची यादी हाताशी ठेवून त्यांच्याकडे स्वतः पुस्तकं पोचवली, तर ते वाचन चालू राहील.

२०२५ चा संप तर निवडणुकांच्या हंगामातच आला. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉरमध्ये २ ऑक्टोबरला, अल्बर्टात २० ऑक्टोबरला, क्वेबेकमध्ये २ नोव्हेंबरला पालिका निवडणुका होत्या. न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्स २००१ पासून पालिकेची निवडणूक टपालाने घेत आली आहे: मतपत्रिका घरी येते, भरून पाकिटातून परत पाठवायची. मतदानाला आठवडा उरला असताना देशभरचं टपाल बंद पडलं. अशा वेळी उपयोगी पडते ती नगरभवनात आणि ठरवून दिलेल्या केंद्रांवर मतपत्रिका स्वतः आणून टाकण्याची सोय. त्या शहराच्या मतदान पद्धतीत ती असते, म्हणूनच टपालावर उभी असलेली निवडणूक टपालावाचून पार पडू शकते. एकाच कामाला दोन वाटा आधीपासून आखून ठेवणं म्हणजे काय, ते यावरून समजतं.

कॅनडात २००६ साली साडेपाच अब्ज पत्रं वाटली गेली होती. २०२३ मध्ये ती २.२ अब्जांवर आली. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की दोन-चार वर्षांत सगळं ऑनलाइन होईल आणि टपाल संपाचा प्रश्न आपोआप मिटेल. तसं होत नाही. कॅनडा पोस्टची स्वतःची इपोस्ट नावाची सेवा होती. तिच्यावर पालिकांची आणि कंपन्यांची बिलं एकाच जागी मिळायची. ती २०२२ च्या अखेरीस बंद झाली आणि लोकांना प्रत्येक ठिकाणी वेगळं खातं उघडावं लागलं. ओन्टारिओत २०२२ च्या पालिका निवडणुकीत दोनशेहून अधिक नगरपालिकांनी इंटरनेटवरून मतदान घेतलं. घरबसल्या, फोनवरून मत. पण त्या मतदानासाठी लागणारा गुप्त क्रमांक, म्हणजे पिन, मतदाराला कळवला गेला तो पत्राने. ओन्टारिओची पुढची पालिका निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पत्रं छापायला जाण्याआधीच प्रत्येक क्लार्क कार्यालयाने जाहीर करून ठेवायला हवं, की पिनचं पत्र मिळालं नाही तर मतदाराने कुठल्या खिडकीवर, कुठलं ओळखपत्र घेऊन, किती वाजेपर्यंत यायचं. आणि जो घराबाहेर पडू शकत नाही, त्याच्याकडे कोण जाणार तेही.